अरुणाताई गाडी चालवतात

अरुणाताई देवस्थळींकडे गाडी चालवायचा परवाना होता, घरात गाडी होती, आणि तरीही त्यांनी गाडी अशी कधी चालवली नव्हती. हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नसे, कारण ही बाई कशावाचून अडली असेल असं त्यांच्याकडे बघून वाटतच नाही. लग्न होऊन मिरजेहून दिल्लीला आल्या तेव्हा त्यांची हिंदी शाळेच्या पुस्तकातली होती. वर्षभरात सरोजिनी नगरच्या बाजारात त्या अशा काही घासाघीस करायला लागल्या, की शेजारपाजारच्या पंजाबी बायका स्वेटर घ्यायला जाताना त्यांना बरोबर नेऊ लागल्या. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कचेरीत नोकरी लागली, राहायला क्वार्टर मिळालं, आणि त्याच कचेरीत सेक्शन ऑफिसर होऊन त्या निवृत्त झाल्या. हाताखालची माणसं त्यांना वचकून असत आणि बदली झाली की रडत जात.

त्यांचे यजमान दिनकरराव आधी गुरुग्रामला आणि मग मानेसरला, गाड्यांच्या कारखान्यात. तयार गाडी दाराबाहेर पडण्याआधी तिची जी शेवटची तपासणी होते, त्या खात्यात. दिवे, वायपर, दारांचे आवाज, टायरमधली हवा. त्यांना न्यायला कंपनीची बस यायची. अरुणाताईंना न्यायला चार्टर्ड बस. मग घरची गाडी काय करायची? ती सोमवार ते शनिवार क्वार्टरखाली कव्हर पांघरून उभी असायची. बॅटरी उतरू नये म्हणून दिनकरराव रोज संध्याकाळी खाली जाऊन इंजिन चालू करत, थोडा वेळ आत बसून राहत आणि बंद करून वर येत. अरुणाताई हे गॅलरीतून बघत असत.

चाळिशीच्या सुमाराला त्यांनी ऑफिस सुटल्यावर क्लास लावला आणि गाडी शिकल्या. परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाल्या आणि त्या दिवशी पेढे घेऊन घरी आल्या. दिनकररावांनी पेढा खाल्ला, "छान झालं," म्हणाले, आणि मग म्हणाले, "पण दिल्लीचं ट्रॅफिक म्हणजे..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. नंतर इतकी वर्षं गेली, तरी ते तसंच अर्धं लोंबकळत राहिलं. दिनकरराव वाईट नवरा नव्हेत, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा रात्रपाळी त्यांनी केली. बायकोच्या पगाराला कधी हात लावला नाही. ते नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. ते नाही म्हणतच नसत. "आज धुकं आहे," म्हणत. "आज शनिवार आहे, गर्दी असेल." "आज नको, ब्रेक थोडे घट्ट वाटतायत, दाखवून आणतो आधी." दिल्लीत कारणांना काय तोटा?

मुलगा यशोधन अठरा वर्षांचा झाला, गाडी शिकला, आणि पुढच्याच रविवारी दिनकररावांनी त्याच्या हातात किल्ली दिली. "जपून जा," एवढंच म्हणाले. त्या दिवशी अरुणाताईंनी आमटीत दोनदा मीठ घातलं. सगळ्यांनी मुकाट्याने पाणी पीत जेवण उरकलं आणि विषय संपला.

परवान्याची मुदत संपत आली की त्या जाऊन तो नवा करून आणत. घरात कोणी विचारलं नाही, त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आता दोघंही निवृत्त. दिल्लीतल्याच द्वारकेला यशोधनच्या फ्लॅटमध्ये राहतात. सून कृतिका पुण्याची, गुरुग्रामला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. नात अवनी सातवीत. यंदाच्या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे असं सांगितलं, तेव्हा अरुणाताईंना पहिल्यांदा वाटलं, की हे आता राहूनच जाणार.

तशात यशोधनने फोर बाय फोर गाडी घेतली. उंच, चौकोनी, चढताना आधी पाय उचलावा आणि मग देवाचं नाव घ्यावं लागेल अशी. शहरात राहणाऱ्या माणसाला ही कशाला, असं दिनकररावांनी विचारलं. त्याला उत्तर म्हणून यशोधनने सव्वीस जानेवारीच्या जोडसुट्टीला बिकानेरच्या पुढे वाळवंटात जायचं ठरवलं. तंबूत राहायचं, वाळूच्या टेकड्यांवर गाडी घालायची. जेवताना हे सगळं ठरत होतं. अरुणाताई भात वाढता वाढता म्हणाल्या, "मलाही चालवायचीय."

यशोधनने ताटातून मान वर केली.

"मस्त आयडिया आहे, आई," कृतिका म्हणाली.

"अगं, अगदी योग्य जागा आहे," यशोधन म्हणाला. "तिथे ना माणूस, ना ट्रॅफिक. कोणाला धडकण्याचा प्रश्नच नाही."

दिनकररावांनी ताकाचा घोट घेतला. या वेळी त्यांच्याकडे कारण नव्हतं. वाळवंटात धुकं असतं का, एवढं विचारून त्यांनी पाहिलं, पण अवनीने फोनवर बघून "इस बार नहीं है, आजोबा," असं सांगितलं.

प्रवासात रेवाडी, नारनौल, झुंझुनू अशी गावं मागे पडत गेली आणि दिवस कलायच्या सुमाराला ते तंबूंपाशी पोचले. त्याआधी, डांबरी रस्ता सोडल्यावर, यशोधनने गाडी थांबवली, खाली उतरून चारही टायरमधली हवा बरीचशी काढून टाकली. वाळूत हे करावंच लागतं. टायर जरा पसरतो, वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. फुगलेला टायर वाळू कापत खाली जातो. यशोधनने हे अवनीला समजावून सांगितलं, ते अरुणाताईंनी ऐकलं. दिनकररावांनी मात्र ऐकलं नाही. पाठ धरली होती म्हणून ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते, आणि तंबूत शिरले ते सरळ खाटेवर आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे अरुणाताईंना जाग आली ती कसल्याशा आवाजाने. बाहेर कोणीतरी धापा टाकत होतं, मधूनच फूस फूस असं होत होतं. शेजारची खाट रिकामी होती. थंडी अशी, की रजईतून नाक बाहेर काढवेना. हे व्यायाम करत असतील, असं म्हणून त्या कूस बदलून पडून राहिल्या. चहाच्या वेळी दिनकरराव आले तेव्हा त्यांचं तोंड लाल झालं होतं आणि ते फार खुशीत होते.

नाश्ता झाल्यावर यशोधनने आईपुढे किल्ली धरली.

अरुणाताई चढल्या. सीट पुढे घेतली, आरसे बघितले, पट्टा लावला. यशोधन शेजारी बसला. मागे दिनकरराव, कृतिका, अवनी. दिनकररावांनी दारावरची कडी दोन्ही हातांनी धरली होती, गाडी सुरू व्हायच्या आधीपासून. क्लच सोडला आणि गाडी एकही गचका न देता निघाली. तंबूंच्या भोवती जमीन कडक होती, तिथे त्यांनी एक लांब फेरी मारली. तिसऱ्या गिअरला आल्या. हातांना सगळं आठवत होतं. त्यांना हसू यायला लागलं आणि ते आवरेना. अवनी मागून व्हिडिओ काढत होती.

"आजी, अब ऊपर! ती टेकडी!"

"जाऊ?" त्यांनी यशोधनला विचारलं.

"बिनधास्त. वेग सोडायचा नाही, बस्स."

त्यांनी वेग सोडला नाही. गाडी टेकडीला लागली, अर्ध्यापर्यंत गेली, आणि मग आतून कोणीतरी ओढून धरावी तशी जड होत होत थांबली. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. मागून वाळूचे फवारे उडाले आणि गाडी खाली खचली. यशोधन ओरडला, "दाबू नकोस, आई!" तोपर्यंत ती पोटावर बसली होती.

सगळे उतरले. अरुणाताई तेवढ्या उतरल्या नाहीत. त्या स्टिअरिंग धरून बसून राहिल्या आणि काच खाली केली. यशोधन गाडीभोवती फिरत होता.

"असं व्हायला नको होतं. काल संध्याकाळी याच्यापेक्षा मऊ वाळूतून आणली मी. आई, तू मध्येच क्लच दाबलास का?"

"नाही."

"मग थोडी घाबरून पाय काढला असशील. होतं. पहिल्यांदा होतंच."

"Chill, आई," कृतिका समजुतीने म्हणाली, आणि त्या समजुतीचाच अरुणाताईंना जास्त त्रास झाला. आता हे असंच राहणार, हे त्यांना स्पष्ट दिसलं. घरात गोष्ट सांगितली जाईल, पाहुण्यांना सांगितली जाईल. आजींनी एकदा गाडी चालवली आणि वाळूत रुतवली. सगळे प्रेमाने हसतील. आणि पुन्हा किल्ली मागायला तोंड उरणार नाही. डोळ्यांत पाणी आलं तसं त्यांनी मान फिरवली, तर आरशात दिनकरराव दिसले. ते गाडीच्या मागे, जरा दूर उभे होते आणि उजव्या टायरकडे बघत होते. टायर अर्धा वाळूत गेला होता, पण वरचा अर्धा दिसत होता. गोल, टणक, कारखान्यातून आजच निघाल्यासारखा.

फूस फूस. अरुणाताईंना पहाटेचा आवाज कळला.

माणसाच्या हाताला एक वळण पडतं ते पडतंच. दिनकररावांनी पहाटे फिरायला निघताना चारही टायर बसलेले पाहिले. तीस-बत्तीस वर्षं ज्या माणसाने हवा कमी असलेली एकही गाडी दाराबाहेर जाऊ दिली नाही, त्याला ते बघवलं नाही. पोराचं लक्ष नाही, उद्या एवढा प्रवास, सून आणि नात गाडीत. कोणाला उठवून विचारणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं, करून टाकणं होतं. दिल्लीहून निघताना त्यांनी आपला जुना पायाने मारायचा पंप आणि हवा मोजायचं यंत्र सामानात घातलंच होतं. सत्तरीच्या माणसाने, दुखऱ्या पाठीने, कडाक्याच्या थंडीत एकेक टायर फुगवला. आज बायको चालवणार, म्हणून जरा जास्तच काळजीने फुगवला असेल. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

अरुणाताईंना हे सगळं एका क्षणात समजलं, आणि त्यांनी वाट पाहिली. गाडीतल्या फावड्याने वाळू ओढायला दिनकररावांनी सुरुवात केली, यशोधनला "हे इकडून काढ" वगैरे सांगितलं, पण टायरकडे काही बोट दाखवलं नाही. आयुष्यभर अरुणाताई अशा वेळी गप्प बसल्या होत्या. कुणाच्या लग्नाला उशीर झाला, कुठे रस्ता चुकला, कुठे पेट्रोल संपलं. प्रत्येक वेळी "माझ्यामुळेच निघायला वेळ झाला" असं त्या चारचौघांत सांगून टाकत. त्याने काय बिघडतं, असं त्यांना वाटायचं. आज मात्र बिघडत होतं.

"यशोधन," त्या खिडकीतून म्हणाल्या, "टायरमध्ये हवा भरलेली आहे. पहाटे भरलीय."

कोणी भरली, ते त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. अवनीने टायरला पायाने दाबून पाहिलं. कृतिका आधी टायरकडे आणि मग सासऱ्यांकडे बघायला लागली. दिनकरराव फावडं टेकवून उभे राहिले.

"तेहतीस," ते म्हणाले. "चारही. दाराच्या आतल्या पट्टीवर लिहिलीय तेवढी."

"बाबा, मी मुद्दाम काढली होती हवा," यशोधन म्हणाला.

"मला काय माहीत?" दिनकरराव म्हणाले. मग त्यांनी फावडं वाळूत रोवलं. "ती बरोबर चालवत होती," ते म्हणाले. "मी मागे बसून बघत होतो. काही चुकलं नाही तिचं."

अरुणाताईंनी ते नीट ऐकून घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याने चारचौघांत आपल्याबद्दल इतकं सरळ वाक्य बोलल्याचं त्यांना आठवेना. राग होता तो तिथेच होता, पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं.

हवा काढली, चाकांपुढची वाळू उपसली, गाडीत घेतलेल्या फळ्या चाकांखाली घातल्या. यशोधनने दार उघडलं आणि आईला उतरायला हात दिला.

"तू लांब उभा राहा," अरुणाताई म्हणाल्या. "मीच काढते."

आणि त्यांनी काढली. हळू, उलट गिअरमध्ये, पाय अगदी अलगद ठेवून. गाडी एकदा कण्हली, मग फळ्यांवर चढली आणि टेकडीच्या पायथ्याशी आली. मग त्याच टेकडीवर त्या पुन्हा गेल्या आणि वरपर्यंत पोचल्या. टाळ्या झाल्या. अवनीने व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. पुण्याहून, मिरजेहून अंगठे आले, फुलं आली, कोणी लिहिलं, वय हा नुसता आकडा असतो.

रात्री शेकोटीपाशी सगळे आनंदात होते. अरुणाताईही होत्या, पण रजईत शिरल्यावर त्यांना झोप लागेना. व्हिडिओ त्यांनी दोनदा बघितला. त्यात एक म्हातारी बाई रिकाम्या वाळवंटात गाडी चालवत होती आणि सगळे हसत होते. ना माणूस, ना ट्रॅफिक. नातवंडाला मोकळ्या मैदानात मांडीवर बसवून स्टिअरिंग धरू देतात, त्यातलाच हा प्रकार, असं त्यांच्या मनात आलं. आपल्याला हे हवं होतं का? आपल्याला सरोजिनी नगरहून कचेरीपर्यंत जायचं होतं. पावसात बसची वाट न बघता यशोधनला शाळेतून आणायचं होतं. ते दिवस गेले, ते कोणी परत देणार नाही. पण म्हणून ताकावर दुधाची तहान भागली, असं कशाला म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी परत निघाले. जोडसुट्टी संपत आलेली, त्यामुळे अर्धी दिल्ली त्याच रस्त्याने घराकडे निघाली होती. टायर पुन्हा फुगवले, ते दिनकररावांनीच, आधी यशोधनला विचारून. धारूहेड्याच्या पुढे एका ढाब्यावर चहाला थांबले. यशोधन सकाळपासून चालवत होता, त्याचे डोळे लाल झाले होते. कृतिका म्हणाली, "मी घेते पुढे." यशोधनने किल्ली टेबलावर ठेवली. कृतिकाचा हात पोचायच्या आधी अरुणाताईंनी ती उचलली.

"मी नेते," त्या म्हणाल्या.

कृतिका हसली, मग हसायचं नाही हे तिच्या लक्षात आलं. यशोधन म्हणाला, "आई, अगं, वाळूत ठीक होतं..."

"अरुणा," दिनकरराव म्हणाले, "इथून पुढे ट्रॅफिक आहे."

"म्हणूनच म्हणते," अरुणाताई म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. कचेरीत एखादं टिपण परत पाठवताना असायचा तसाच होता. दिनकररावांनी तोंड उघडलं. धुकं नव्हतं. ब्रेक काल रात्रीच त्यांनी स्वतः तपासले होते. त्यांनी तोंड मिटलं आणि चहाचे पैसे द्यायला गेले. परत आले ते पुढच्या डाव्या सीटवर चढून बसले आणि पट्टा लावला.

कारखान्यांना कसली जोडसुट्टी, मानेसर आलं तेव्हा पाळी सुटली होती. कारखान्यांच्या बसेस एकामागून एक हायवेवर येत होत्या, शेअरच्या रिक्षा माणसं कोंबून कशाही आडव्या घुसत होत्या, मोटारसायकली उलट्या बाजूने. अरुणाताईंनी गिअर उतरवला. एक बस अगदी चिकटून गेली आणि दिनकररावांचा उजवा पाय आपोआप खालच्या गालिच्यावर दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. ब्रेक अरुणाताईंच्या पायाखाली होता आणि तो त्यांनी वेळेत दाबला होता.

"डावीकडे रिक्षा..." दिनकरराव म्हणाले.

"दिसली."

मागे कृतिका आणि यशोधन दोघंही जागे होते आणि आपण जागे आहोत हे लपवत होते. अवनी फोन बाजूला ठेवून आजीकडे बघत होती. टोल गेला, उड्डाणपूल गेले, द्वारकेचं वळण आलं. अरुणाताईंनी इंडिकेटर दिला, मागच्या ट्रकला थांबायला लावलं आणि वळल्या.

सोसायटीच्या तळघरात त्यांची पार्किंगची जागा दोन खांबांच्या मध्ये, चिंचोळी. गाडी मागे घेऊनच लावावी लागते. अरुणाताईंनी गाडी जागेसमोर आणून थांबवली. तेव्हा दिनकरराव उतरले, मागे गेले आणि भिंतीपाशी उभे राहिले. घरात गाडी आल्यापासून ते काम अरुणाताईंचं होतं. पावसात, थंडीत, कडेवर पोर घेऊन, भरजरी साडी नेसून, दरवेळी त्याच उतरायच्या आणि गाडीच्या मागे उभ्या राहून हात हलवायच्या.

"ये," दिनकरराव हात हलवत म्हणाले. "ये. अजून ये. डावीकडे थोडी."

अरुणाताईंनी दोन्ही आरसे पाहिले आणि गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.